पास्ता, बन्सी गहू आणि उन्हाळी भाज्या : अर्ध्या तासाचे सकस जेवण



फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाची मळणी उरकते आणि धान्य घरात येते. त्यानंतर ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, त्यांच्याकडे टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, दोडका या उन्हाळी भाज्यांचे तोडे सुरू होतात. पहाटे तोडणी, मग प्रतवारी, क्रेट भरणे, गाडी लावून देणे यांत दिवस जातो. संध्याकाळी घरी परतलेल्या गृहिणीला पुन्हा तास-दीड तास चुलीपुढे उभे राहावे लागते. त्यातच सुट्टीत घरी असलेली मुले पास्त्याचा हट्ट धरतात. तालुक्याच्या गावी पाकीट मिळते, ते घरी येते, पण बहुतेक वेळा पातेल्यात चिकट गोळा तयार होतो. मग हा पदार्थ आपला नव्हे, शहरातला आहे, असे ठरवून तो विषय संपतो.

हा समज बरोबर नाही. उत्तम पास्ता ज्या गव्हापासून होतो तो ड्युरम गहू म्हणजे आपला बन्सी गहू. त्याच्यासोबत लागणाऱ्या भाज्या आपल्याच रानात असतात. पास्ता बिघडतो तो काही साध्या गोष्टी माहीत नसल्यामुळे. त्या समजून घेतल्या तर दोन शेगड्यांवर अर्ध्या तासाच्या आत चार-पाच माणसांचे पोटभर जेवण तयार होते. या लेखात पास्ता कशाचा असावा, पाकीट कसे निवडावे, कोणती उन्हाळी भाजी कशी शिजवावी आणि प्रत्यक्ष कृती कशी करावी याची माहिती दिली आहे. बन्सी गहू पिकविणाऱ्यांसाठी शेवटी काही सूचना आहेत.

पास्ता म्हणजे काय?

गव्हाचा रवा पाण्यात घट्ट मळून, त्याला निरनिराळे आकार देऊन वाळविलेला पदार्थ म्हणजे पास्ता. लांब दोऱ्यासारखी स्पॅगेटी, तिरक्या कापाच्या नळीसारखी पेने, पिळाची फुसिली ही त्याची नेहमीची रूपे होत. आपल्याकडील शेवया याच जातीच्या. लग्नकार्यात रुखवतात मांडले जाणारे गव्हले, मालत्या आणि नखुल्या तसेच विदर्भात आमरसाबरोबर खाल्ले जाणारे सरगुंडे हेही याच कुळातले आहेत. आपण त्यांची बहुधा खीर करतो किंवा गोडाबरोबर खातो. इटलीत तोच पदार्थ भाजी, डाळ किंवा मासळीबरोबर रोजच्या जेवणात खातात, एवढाच फरक.

इटलीच्या दक्षिण भागात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा असतो. तेथे ड्युरम गहू नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पेरतात आणि जूनमध्ये काढतात. गहू कोठारात गेला की जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची आणि झुकिनी भरात येतात. त्यामुळे रब्बीचे धान्य आणि उन्हाळ्याची भाजी एका ताटात येणे हे तेथे ओघानेच घडले. सिसिली बेटावरील कटानिया शहराचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ हा पदार्थ याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात तळलेली वांगी, टोमॅटोचा रस्सा, एक सुवासिक पाला आणि खारविलेले रिकोत्ता नावाचे चीज एवढेच असते. कटानियात जन्मलेल्या बेल्लिनी या संगीतकाराच्या ‘नॉर्मा’ (१८३१) या संगीत नाटकावरून हे नाव पडल्याचे सांगतात. नाव मोठे असले तरी आतला माल शेतकऱ्याच्या घरचाच आहे. आपल्या हंगामांचा क्रमही तोच आहे, फक्त तो काही महिने अगोदर येतो.

बन्सी गहूच का?

महाराष्ट्रात गव्हाचे तीन प्रकार घेतले जातात : सरबती, बन्सी (काही भागांत बक्षी म्हणतात) आणि खपली. चपाती व पावासाठी सरबती गहू चांगला. रवा, शेवया, कुरडया आणि पास्ता यांसाठी बन्सी गहू श्रेष्ठ. याची कारणे दाण्यातच आहेत.

१. दाण्याचा कठीणपणा : बन्सीचा दाणा अतिशय कठीण, काचेसारखा पारदर्शक असतो. दळताना त्याचे पीठ न होता स्वच्छ कणीदार रवा पडतो.

२. पिवळसर रंग : दाण्यात ल्युटीन नावाचे नैसर्गिक पिवळे रंगद्रव्य असते. त्यामुळे पास्त्याला रंग घालावा न लागता मधासारखी पिवळी छटा येते.

३. चिवट ग्लुटेन : गव्हातील प्रथिनांमुळे कणकेला जो चिवटपणा येतो त्याला ग्लुटेन म्हणतात. सरबती गव्हाचे ग्लुटेन ताणले जाते, म्हणून चपाती पातळ लाटता येते. बन्सीचे ग्लुटेन बळकट असते पण कमी ताणले जाते. त्यामुळे दिलेला आकार तसाच राहतो.

पास्ता शिजताना काय होते हे येथे समजून घ्यावे. पास्त्यात स्टार्चचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचे जाळे असते. पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर तापले की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात. जाळे बळकट असेल तर फुगलेले कण आत धरले जातात आणि पास्ता मोकळा, दाताला लागेल असा शिजतो. जाळे कमकुवत असेल तर कण फुटून स्टार्च पाण्यात उतरतो, पाणी पेजेसारखे होते आणि पास्ता लिबलिबीत होतो. मैद्याच्या स्वस्त पास्त्याचा गोळा होतो तो याच कारणाने. त्यात करणाऱ्याचा दोष नेहमीच असतो असे नाही. इटलीने १९६७ साली कायदा करून तेथे विकण्यासाठी तयार होणारा वाळविलेला पास्ता ड्युरम गव्हाच्याच रव्याचा असला पाहिजे असे ठरविले. तो नियम तेथील उत्पादकांना आजही लागू आहे.

पाकीट घेताना काय पाहावे?

• पाकिटामागील घटकांची यादी वाचावी. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ किंवा ‘ड्युरम सुजी’ असे लिहिलेले असावे. मैद्याचे नाव पहिले असेल तर तो पास्ता चिकट होण्याचा संभव अधिक.
• १०० ग्रॅममागे प्रथिने किती ते पाहावे. १२ ग्रॅम किंवा अधिक असल्यास चांगले.
• पास्त्याचा रंग पिवळसर असावा. पांढुरका किंवा कृत्रिम रंगाचा भडक पिवळा नसावा.
• तुकडा मोडला असता कट्‌कन आवाज होऊन मोडावा. आत केसासारखे तडे असलेला पास्ता शिजताना फुटतो.
• भाजीबरोबर खाण्यासाठी आखूड आकार घ्यावेत. पेनेच्या नळीत आणि फुसिलीच्या पिळात रस्सा धरून राहतो. मुलांनाही ते चमच्याने खाणे सोपे जाते.

उन्हाळी भाज्यांची निवड

तोडा बाजारात पाठविताना आकाराने लहान, किंचित वेडीवाकडी किंवा जास्त पिकलेली फळे बाजूला राहतात. पास्त्याला नेमकी तीच चालतात, कारण भाजी कापूनच घालायची असते. मात्र कीडग्रस्त भाग काढून टाकावा. फवारणीनंतर काढणीसाठी सांगितलेला प्रतीक्षा काळ पूर्ण होण्यापूर्वी तोडलेली भाजी घरातही वापरू नये.

टोमॅटो : पूर्ण लाल, गर जास्त आणि रस कमी असलेले लांबट टोमॅटो उत्तम. झाडावर पिकलेल्या टोमॅटोला चव अधिक असते. टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवल्यास त्याचा सुवास कमी होतो. तो सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावा. विटा व वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष घराजवळ बांधलेला असल्यास भाज्या त्यात ठेवाव्यात.

वांगी : कोवळी, तुकतुकीत सालीची, बी न धरलेली घ्यावीत. वांग्याचा गर स्पंजासारखा असल्याने तो तेल पितो. कढई चांगली तापलेली असेल तर तेल कमी लागते.

ढोबळी मिरची : हिरवी चालते. झाडावर पिकून लाल झालेली अधिक गोड लागते.

दोडका, घोसाळे, कोवळा दुधी : इटलीत या जागी झुकिनी वापरतात. झुकिनी ही भोपळावर्गीय वेल-भाजी असून ती कोवळीच तोडतात. आपल्याकडे काही शेतकरी शहराच्या बाजारासाठी ती पिकवितात. ती नसल्यास दोडका किंवा घोसाळे तेवढेच चांगले लागते. दोडक्याच्या शिरा काढाव्यात.

सुवासिक पाला : इटलीत वापरला जाणारा बेझिल हा पाला आणि आपण ज्याचे बी सरबतात घालतो तो सब्जा या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. परसात सब्जा असल्यास त्याची कोवळी पाने वापरावीत. अंगणातील तुळस ही वेगळी जात असून तिची चव उग्र असते, म्हणून ती घालू नये. सब्जा नसल्यास कोथिंबीर वापरावी.

भाज्यांत पाणी खूप असते, हे शिजविताना ध्यानात ठेवावे. दोडका, घोसाळे, दुधी, वांगी ही मंद आचेवर झाकण ठेवून शिजविली तर पाणी सुटते आणि भाजी उकडल्यासारखी बेचव होते. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, कढईत गर्दी न करता परतली तर पाणी लगेच उडून जाते, कडा तांबूस होतात आणि गोडवा येतो. मीठ घातल्याने भाजीला पाणी सुटते. म्हणून या भाज्यांत मीठ शेवटी घालावे. टोमॅटोचे उलट आहे. त्याला पाणी सुटून रस्सा व्हायला हवा, म्हणून त्यात मीठ सुरुवातीलाच घालावे.

साहित्य (४ ते ५ माणसांसाठी)

• बन्सी गव्हाचा पास्ता, आखूड आकाराचा – ४०० ग्रॅम
• पाणी – ३ लिटर
• पाण्यात घालण्यासाठी मीठ – सुमारे ३० ग्रॅम (पावणेदोन मोठे सपाट चमचे)
• लाल टोमॅटो – ५०० ग्रॅम
• वांगी – २५० ग्रॅम
• दोडका, घोसाळे किंवा झुकिनी – २५० ग्रॅम
• ढोबळी मिरची – मोठी १
• लसूण – ८ पाकळ्या
• सुक्या लाल मिरच्या – २
• तेल – ५ मोठे चमचे
• पनीर – १०० ग्रॅम
• सब्जाची पाने किंवा कोथिंबीर – मूठभर

तेलाविषयी : इटलीत ऑलिव्हचे तेल वापरतात, ते आपल्याकडे महाग पडते. घरचे घाण्याचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल चालते. शेंगदाणा तेलाचा स्वतःचा वास येतो, तो वांग्याबरोबर चांगला जमतो.

पनीराविषयी : खारविलेले रिकोत्ता दुधाच्या निवळीपासून करतात. आपल्याकडे घरी फाडलेल्या दुधाचे पनीर फडक्यात बांधून, वजनाखाली ठेवून घट्ट करावे आणि त्याला मीठ चोळावे. ते किसून वरून घातल्यास जवळपास तीच चव येते.

कृती व वेळेचे नियोजन

पाणी उकळायला लागणारा वेळ हाच भाज्या चिरण्याचा वेळ, हे या कृतीचे मर्म आहे. म्हणून हातपाय धुऊन आल्यावर सर्वप्रथम पाणी चढवावे, सुरी नंतर हातात घ्यावी.

आरंभ : मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी घेऊन झाकण ठेवावे व मोठ्या आचेवर ठेवावे. ते उकळायला साधारण १५ मिनिटे लागतात.

पहिली ७ मिनिटे : भाज्या धुऊन कोरड्या कराव्यात. वांगी, दोडका व ढोबळी मिरची यांचे पास्त्याच्या तुकड्याएवढे तुकडे करावेत. सारख्या आकाराचे तुकडे सारखे शिजतात. टोमॅटो आडवे कापून कापलेल्या बाजूने किसणीवर किसावेत. गर खाली पडतो आणि साल हातात राहते. उकळत्या पाण्यात घालून साल काढण्याचा वेळ त्यामुळे वाचतो. लसणाच्या चकत्या कराव्यात.

७ ते १२ मिनिटे : दुसऱ्या शेगडीवर कढई चांगली तापवून त्यात ३ चमचे तेल घालावे. वांग्याच्या फोडी मोठ्या आचेवर तांबूस होईपर्यंत परताव्यात व ताटलीत काढून ठेवाव्यात.

१२ ते १५ मिनिटे : त्याच कढईत १ चमचा तेल घालून दोडका व ढोबळी मिरची परतावी. थोडी करकरीत असतानाच काढून घ्यावी. वांगी व या भाज्यांवर चिमूटभर मीठ टाकावे.

१५ वे मिनिट : पाण्याला खळखळून उकळी आल्यावर मीठ घालावे आणि पास्ता सोडावा. पहिली दोन मिनिटे झाऱ्याने हलवत राहावे. या दोन मिनिटांत पास्त्याच्या पृष्ठभागावरील स्टार्च चिकट होतो, त्यामुळे तुकडे एकमेकांना धरतात. नंतर अधूनमधून हलविले तरी पुरते. झाकण ठेवू नये, उतू जाते.

१६ ते २३ मिनिटे : कढईत उरलेले १ चमचा तेल घालून आच कमी करावी. त्यात लसूण व मिरचीचे तुकडे टाकावेत. लसूण पिवळसर होताच, जळू न देता, टोमॅटोचा गर व अर्धा छोटा चमचा मीठ घालून आच वाढवावी. गर आटून तेल कडेला दिसू लागले की रस्सा तयार झाला.

२३ वे मिनिट : पाकिटावर १० मिनिटे लिहिली असतील तर ८ मिनिटांनीच एक तुकडा कापून पाहावा. मध्यभागी बारीक पांढरा ठिपका दिसला आणि चावताना किंचित कडक लागला की पास्ता उतरवावा. कपभर पाणी बाजूला काढून ठेवावे व बाकीचे रोळीत निथळावे.

२३ ते २६ मिनिटे : पास्ता लगेच कढईतील रश्श्यात घालावा. परतलेल्या भाज्या व अर्धा कप राखलेले पाणी घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटे खालीवर करावे. पास्ता उरलेले शिजणे रश्श्यातच पूर्ण करतो आणि त्या वेळी रस आत शोषून घेतो. कोरडे वाटल्यास आणखी थोडे पाणी घालावे. खाली उतरवून पाला हाताने तोडून घालावा, वरून पनीर किसावे व लगेच वाढावे.

चूल एकच असल्यास आधी भाज्या व रस्सा करून ठेवावा, मग पाणी चढवावे. वेळ अधिक लागतो.

पास्ता उकळलेले पाणी का राखावे?

या पाण्यात थोडा स्टार्च आणि मीठ उतरलेले असते. नुसते तेल आणि टोमॅटोचा रस एकत्र राहत नाहीत, तेल वेगळे तरंगते. स्टार्चयुक्त पाणी घालून ढवळल्यावर तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरले जातात आणि रस्सा दाटसर होऊन प्रत्येक तुकड्याला चिकटतो. साय, लोणी किंवा मैदा न घालताही रश्श्याला जो दाटपणा येतो तो यामुळे. म्हणूनच निथळलेला पास्ता गार पाण्याने धुऊ नये. धुतल्याने वरचा स्टार्च निघून जातो आणि रस्सा ताटात खाली राहतो. पाण्यात तेल घालण्याचाही उपयोग नाही. ते वर तरंगते आणि निथळताना पास्त्याला लागून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत करते.

पाणीटंचाईच्या भागासाठी : इटलीत १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी असे प्रमाण सांगतात. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या घराला हे परवडणारे नाही. ४०० ग्रॅम पास्ता अडीच ते ३ लिटर पाण्यातही नीट शिजतो, फक्त तो अधिक वेळा हलवावा लागतो. लिटरला १० ग्रॅम मीठ हे प्रमाण मात्र कायम ठेवावे. कमी पाणी लवकर उकळते, गॅस वाचतो आणि निथळलेले पाणी अधिक स्टार्चयुक्त मिळते. उरलेले पाणी फेकू नये. आमटीत किंवा कणीक मळताना ते वापरावे आणि त्या वेळी वरून मीठ घालताना बेताने घालावे.

बिघाड, कारणे व उपाय

पास्त्याचा गोळा झाला : मैद्याचा माल, पाणी उकळण्यापूर्वी पास्ता टाकणे किंवा सुरुवातीला न हलविणे ही कारणे असतात. निथळून बराच वेळ तसाच ठेवला तरी तो चिकटतो. रस्सा आधी तयार ठेवावा, पास्त्याला थांबवू नये.

पास्ता मऊ पडला : घड्याळावर विसंबून न राहता शेवटची ३ मिनिटे दर मिनिटाला चाखून पाहावे. रश्श्यातही तो शिजणार आहे हे हिशेबात धरावे.

चव आळणी लागली : पाण्यात मीठ कमी पडले. नंतर वरून मीठ घातल्यास ते पास्त्याच्या आत जात नाही.

भाजीला पाणी सुटले : आच कमी होती, भाजी ओली होती किंवा कढईत एकदम सर्व टाकली. दोन खेपांत परतावी.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम कोरड्या बन्सी पास्त्यातून सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ते १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन या आवश्यक घटकाची कमतरता असते. ती पनीर किंवा कडधान्याने भरून निघते. इटलीतही हरभरा घालून पास्ता करतात. सकाळी भिजत घातलेला वाटीभर हरभरा कुकरमध्ये शिजवून रश्श्यात घातल्यास जेवण परिपूर्ण होते आणि पनीर नसले तरी चालते. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तेलात शिजविल्यावर शरीराला अधिक प्रमाणात मिळते. किंचित कडक ठेवलेला पास्ता मऊ शिजलेल्यापेक्षा सावकाश पचतो. तरीही मधुमेह असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवावे व ताटात भाजीचा भाग वाढवावा.

वाळवणाबरोबर घरचा पास्ता

एप्रिल-मेमध्ये घरोघरी शेवया-कुरडयांचे वाळवण चालते. त्याच वेळी पास्ताही करून ठेवता येतो. इटलीच्या पुलिया भागात स्त्रिया रवा आणि पाणी एवढ्यावरच अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीच्या आकाराचा पास्ता घरी करतात. त्याला ओरेक्किएत्ते म्हणतात. ज्यांचा नखुल्या करण्याचा हात बसलेला आहे त्यांना हे काम नवे वाटणार नाही.

अर्धा किलो बारीक बन्सी रव्याला २२५ ते २५० मिलिलिटर कोमट पाणी थोडे थोडे घालून घट्ट गोळा करावा. १० मिनिटे चांगला मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा. करंगळीएवढ्या जाड वळ्या करून बोराएवढे तुकडे कापावेत आणि पाटावर अंगठ्याने दाबून पुढे ओढावेत. वाटीसारखा खोलगट आकार येतो व त्यात रस्सा धरतो. ताजा पास्ता ५-६ मिनिटांत शिजतो.

साठवायचा असल्यास तो कडक उन्हात वाळवू नये. वरचा थर लवकर सुकून आक्रसतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. असा पास्ता शिजताना फुटतो. पातळ कापडाखाली, वारा लागणाऱ्या सावलीच्या जागी पसरून अधूनमधून हलवावा. दोन-तीन दिवसांत, तुकडा कट्‌कन मोडू लागला की हवाबंद डब्यात भरावा. वाळलेल्या घरच्या पास्त्याला जाडीप्रमाणे १० ते १५ मिनिटे लागतात. चाखूनच उतरवावा.

बन्सी गहू पिकविणाऱ्यांसाठी

रवा व पास्त्यासाठी गहू घेणारा गिरणीवाला दाण्याची चमक, रंग आणि एकसारखेपणा पाहतो. त्यासाठी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. वाण : जिरायतीसाठी पंचवटी (एन.आय.डी.डब्ल्यू. १५) आणि बागायतीसाठी गोदावरी (एन.आय.डी.डब्ल्यू. २९५) हे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे बन्सी वाण आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बागायतीसाठी एम.ए.सी.एस. ३९४९ व जिरायत आणि मर्यादित सिंचनासाठी एम.ए.सी.एस. ४०२८ हे वाण दिले आहेत. एम.ए.सी.एस. ४०२८ मध्ये प्रथिनांचे प्रमाण सुमारे १४.७ टक्के नोंदले गेले आहे.

२. पेरणी : जिरायत पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि बागायत वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. उशीर झाल्यास दाणे भरताना उष्णता वाढते आणि दाणा बारीक राहतो.

३. नत्र : नत्र कमी पडल्यास चमकदार दाण्यावर पिठूळ पांढरट डाग पडतात. अशा दाण्यांतून रवा कमी व पीठ जास्त निघते आणि प्रथिनेही घटतात. बागायती वेळेवर पेरणीस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे. अर्धे नत्र पेरणीवेळी व उरलेले तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावे. माती परीक्षण केलेले असल्यास त्यानुसार मात्रा ठरवावी.

४. काढणी : पक्व पीक शेतात उभे ठेवू नये. अवकाळी पावसात भिजल्यास दाण्याची चमक व रंग जातो. धान्य १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत वाळवून साठवावे.

५. भेसळ टाळणे : मळणीयंत्रात आधीचा सरबती गहू राहिलेला नाही याची खात्री करावी. दोन्ही गहू मिसळले की बन्सीचा भाव मिळत नाही. गावातील काही शेतकऱ्यांनी एकच वाण घेऊन एकत्र माल काढल्यास रवा गिरणीशी बोलणी करणे सोपे जाते. महिला बचत गटांना शेवयांच्या जोडीने वाळविलेला पास्ता विकण्यासही वाव आहे.

थोडक्यात

बन्सी गहू पोत्याने विकायचा आणि त्या पैशातून मैद्याचा पास्ता पाकिटाने आणायचा, हा व्यवहार शेतकरी कुटुंबाला दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. पाकीट आणायचेच असेल तर घटक वाचून ड्युरमचे आणावे. शक्य असल्यास यंदाच्या वाळवणात अर्धा किलो रव्याचा पास्ता करून पाहावा. पाणी आधी चढवावे, भाज्या मोठ्या आचेवर परताव्यात, पास्ता दोन मिनिटे अगोदर उतरवावा आणि कपभर पाणी राखावे. या चार गोष्टी सांभाळल्या तर तोड्याच्या दिवशीही संध्याकाळचे जेवण अर्ध्या तासाच्या आत ताटात येईल, आणि भाज्या चिरणे व टोमॅटो किसणे ही कामे घरातील इतरांनी वाटून घेतली तर गृहिणीला त्याहूनही लवकर बसता येईल.